कासची कुमुदिनी आणि अंगणातली टाकी

साताऱ्यात माहेर किंवा सासर असलेल्या मैत्रिणींना कासचं नाव नव्यानं सांगायला नको. बाकीच्या जणींसाठी थोडक्यात सांगते. साताऱ्याहून पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढून गेलं, की साधारण २५ किलोमीटरवर हे पठार लागतं. उंची समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथं रानफुलांचे गालिचे पसरलेले असतात. २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात कासही आहे. गर्दी इतकी वाढली, की आता हंगामात प्रवेशशुल्क भरूनच जावं लागतं.

त्या गालिच्यांची वर्णनं तुम्ही पुष्कळ वाचली असतील. मला सांगायचंय ते फुलांच्या पायाखालच्या मातीबद्दल. अंगणातल्या टाकीत, गच्चीवरच्या टबात किंवा जुन्या दगडी डोणीत एखादं कमळ, एखादी वॉटर लिली लावायची हौस आपल्यापैकी पुष्कळ जणींना असते. कुंडीत कुठली माती घालायची, इथंच सगळं अडतं. आणि त्यासाठी कासहून चांगली शाळा मिळायची नाही, असं मला तिथून आल्यावर वाटलं.

आम्ही २०२२ च्या सप्टेंबरात कराडहून दोन बिऱ्हाडं मिळून गेलो होतो. आम्ही चौघं, आणि शेजारच्या वहिनी, त्यांचे यजमान नि मुलगा. मुलं खुशीत होती, पण वहिनींचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. त्याला कारण होती त्यांची टाकी. त्या वर्षी त्यांनी हौसेनं अंगणात सिमेंटची छोटी टाकी बांधून घेतली होती. पाणी भरलं, सहा मासे आणून सोडले, आठवडाभर सगळं छान चाललं. मग एका रोपवाटिकेतून दोन लिलीची रोपं आणली. रोपवाल्यानं तयार मिश्रणाची पिशवीही दिली. काळीभोर, भुसभुशीत, हातात घेतली तर पिसासारखी हलकी. ‘गुलाबाला हीच, कमळालाही हीच,’ असं सांगून त्यानं पैसे घेतले.

तिसऱ्या दिवशी पाणी चहासारखं झालं. निम्मं मिश्रण वर येऊन तरंगायला लागलं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले, आणि आठवड्यात सहापैकी चार गेले. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर हळहळून सोडून दिली असती. पण त्याच सुमारास आमच्या गल्लीत दोन मुलांना डेंग्यू झाला. मासे नसलेल्या टाकीत डासांच्या अळ्या वळवळताना कुणीतरी पाहिल्या, आणि ‘टाकी बुजवा’ असं जो तो म्हणू लागला. वहिनींच्या सासूबाईंनी तर मुरमाची गाडीसुद्धा सांगून ठेवली होती! आता सांगा, अशा बाईला फुलं कशी दिसणार?

खडकावरचा संसार

पठारावर पाय ठेवला, की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की इथं माती जवळजवळ नाहीच. खाली सगळा जांभा दगड. त्याच्या खोलगट जागी पावसानं साठवलेली बोट-दोन बोटं माती, कुठं फार तर वीतभर. पावसाळ्यात त्यावर पाणी साचून राहतं, आणि पाऊस सरला की हीच जमीन तव्यासारखी तापते. अशा जागेवर मोठं झाड उभं राहू शकत नाही. राहतात ती थोडक्यात भागवणारी छोटी झुडपं.

त्यांतलीच एक ‘सीतेची आसवं’. इवलीशी निळीजांभळी फुलं वाऱ्यावर डोलत असतात. दिसायला इतकी नाजूक, पण ही वनस्पती मांसाहारी आहे बरं का! तिच्या जमिनीतल्या तंतूंवर अगदी सूक्ष्म पिशव्या असतात. पाण्यातले बारीक जीव त्यांत ओढले जातात नि तिथंच पचतात. हे करायची पाळी तिच्यावर का आली? तर ह्या मातीत नत्र फारच थोडं. जमिनीतून मिळत नाही, म्हणून तिनं ही दुसरी वाट शोधली.

थोडं पुढं, खडकातल्या उथळ डबक्यांत ‘वायतुरा’ दिसला. पाण्यातून वर आलेला, दोन फाट्यांचा गुलाबीसर तुरा, आणि पाण्याखाली मातीत रुतलेला छोटा कंद. ह्या वनस्पतीची शास्त्रीय नोंद १९८२ साली झाली, आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. आपल्या सह्याद्रीच्या पठारांखेरीज ती जगात दुसरीकडे उगवत नाही. पाऊस संपून डबकं आटलं, की वर काहीच उरत नाही. कंद तेवढा मातीत झोपून राहतो, तो पुढच्या पावसाची वाट बघत.

मग आम्ही राजमार्गानं कुमुदिनीच्या तळ्याकडे निघालो. ह्या जुन्या रस्त्यानं आम्ही पायीच गेलो. मुलांना बरोबर घेऊन रमतगमत अर्धा-पाऊण तास लागला. आणि तळं दिसलं मात्र, वहिनीसुद्धा ‘अगबाई!’ म्हणून उभ्या राहिल्या. पाण्यावर हिरवीगार, बदामाच्या आकाराची पानं पसरलेली, आणि त्यांच्यामध्ये पांढरीशुभ्र, टिकलीपेक्षा थोडी मोठी असंख्य फुलं. मधोमध पिवळा ठिपका, नि पाकळ्यांच्या कडांना लोकरीसारखी झालर. सकाळी उमलतात नि एकाच दिवसाचं आयुष्य घेऊन येतात.

पुष्कळ लोक हिला ‘छोटं कमळ’ म्हणतात. पण कुमुदिनी कमळही नाही आणि लिलीही नाही. तिचं कुळच वेगळं. ओळख सोपी आहे. कमळाची मोठी पानं पाण्याच्या वर दांड्यावर उभी राहतात आणि त्यांवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. लिलीची पानं पाण्यावर पसरतात नि त्यांना देठापर्यंत एक चीर असते. कुमुदिनीचं पान लिलीसारखंच तरंगतं, पण फूल येतं ते पानाच्या अगदी खाली, देठाच्या सांध्यातून.

वहिनी काठावर बसून बराच वेळ पाण्यात बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “हिच्या तळाशी आहे तरी काय? कोण खत घालतं हिला?”

आमच्याबरोबर तिथले एक गावकरी मामा होते. ते हसून म्हणाले, “खत कशाला वो ताई? खत पडलं तर गवत माजंल, पाणी हिरवं व्हईल. माती आन् पाणी, झालं की!”

त्या दोन वाक्यांत सगळं आलं. पाण्याखालची माती जड हवी, निर्मळ हवी, आणि तिनं आपलं सत्त्व पाण्यात सोडता कामा नये.

हलकी माती पाण्यात का चालत नाही

गुलाबाच्या किंवा तुळशीच्या कुंडीत आपण माती भुसभुशीत करतो ती मुळांना हवा मिळावी म्हणून. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, गांडूळखत हे सगळं तिथं उत्तम. पण पाण्याखाली हवेचा प्रश्नच वेगळ्या रीतीनं सुटलेला असतो. तुम्ही कमळकाकडीची भाजी केली असेल. चकती कापल्यावर तिच्यात गोल भोकं दिसतात ना? त्या कमळाच्या हवेच्या नळ्या. पानांकडून हवा ह्या नळ्यांतून थेट खालच्या कंदापर्यंत जाते. म्हणून कमळ आणि लिली चिखलात सुखानं राहतात. त्यांना तुमची भुसभुशीत माती नकोच असते.

उलट त्या हलक्या मिश्रणानं पाण्यात तीन उपद्रव होतात. कोरडं कोकोपीट नि अर्धवट कुजलेला पाला तरंगतो आणि आपला रंग पाण्यात सोडतो. दुसरं म्हणजे, न कुजलेलं जे जे असतं ते पाण्याखाली कुजायला लागतं, आणि कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू भराभर वापरून टाकतात. वहिनींचे मासे वर येऊन तोंड उघडत होते ते ह्याचमुळं. शिवाय कुजताना अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना थोडासुद्धा सोसत नाही. तिसरं, खताचा अंश पाण्यात मिसळला, की पाणी हिरवं होतं नि शेवाळ माजतं.

आणि मासे गेले की डास आले, हे तर आलंच. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा उडता डास होतो. गप्पी मासे ह्या अळ्या खाऊन टाकतात. म्हणजे कुंडीतल्या मातीशी घरातल्या मुलांच्या आरोग्याचा असा जवळचा संबंध आहे.

मग माती आणायची कुठून?

सगळ्यांत चांगली माती म्हणजे साधी शेतातली किंवा बागेतली जड, चिकणसर माती, जिच्यात अलीकडे खत पडलेलं नाही नि औषध फवारलेलं नाही. आमच्या कृष्णाकाठी नदीच्या गाळानं झालेली मळीची माती मिळते, ती ह्या कामाला फार छान. (साखर कारखान्याची मळी वेगळी हं! ती खत म्हणून विकतात. ती पाण्यात मुळीच घालू नका.) कोकणातल्या मैत्रिणींना तांबडी माती आहेच. ती चाळून, जांभ्याचे खडे काढून घ्यावी.

देशावरची काळी माती जड खरी, पण ती पाण्यात फुगते, गुळगुळीत चिखल होतो, आणि तिच्यात पुष्कळदा चुनखडीचे पांढरे खडे असतात. ते चाळून टाका आणि निम्मी काळी, निम्मी तांबडी किंवा पोयट्याची माती असं मिश्रण करा. मातीत किंवा वर पसरायच्या खड्यांत चुना आहे की नाही, हे पाहायची युक्ती सोपी आहे. त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले, फसफसलं, तर चुना आहे असं समजावं. संगमरवराचे पांढरे तुकडे शोभेला म्हणून कितीही मोह पडला तरी घालू नयेत, त्यांतही चुनाच असतो.

आता काय घेऊ नये तेही सांगते. रस्त्याकडेची, गटाराजवळची किंवा गॅरेजशेजारची माती नको. विसर्जनाच्या तळ्यातला गाळ नको, कारण मूर्तींचे रंग नि प्लास्टर त्यात उतरलेलं असतं. घरच्या शाडूच्या गणपतीची माती फार जणी जपून ठेवतात, पण मूर्ती रंगवलेली असेल तर ती माती माशांच्या टाकीऐवजी फुलझाडांच्या कुंडीत घालावी. समुद्राची वाळू खारट, म्हणून ती नको. मांजरांसाठी मिळणारे मातीचे खडे वापरा असं हल्ली कुणी कुणी सुचवतं. पण ओले झाले की लगदा होणारे, सुगंधी खडे पाण्यात चालायचे नाहीत.

पेंडीचं तर मुद्दाम सांगते. मोहाची पेंड मत्स्यशेतीत तळ्यातले नको असलेले मासे मारायला वापरतात! निंबोळी पेंडही माशांच्या टाकीपासून लांबच ठेवा. वाळवीची पूड किंवा कीटकनाशक मिसळलेली माती असेल, तर चिमूटभरसुद्धा नको. तयार पिशवी घेतलीच, तर तिच्यात काय काय मिसळलंय हे दुकानदाराला सरळ विचारा. आपण पैसे मोजतो, मग विचारायला संकोच कसला?

बाटलीची परीक्षा

मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवायला जाते. कासहून आल्यावर सातवीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घेतला, तो तुम्ही स्वयंपाकघरात सहज कराल. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती भरा, वर पाणी ओता, झाकण घट्ट लावून खूप हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. पहिल्या एक-दोन मिनिटांतच वाळू तळाशी बसते. काही तासांत तिच्यावर पोयटा बसतो. सगळ्यांत वर चिकणमातीचा थर बसायला एक दिवस, कधी जास्तही लागतो. आणि पाण्यावर जे तरंगतं तो काडीकचरा नि कच्चं खत.

तरंगणारा थर बोटभर जाड असेल तर ती माती टाकीसाठी नापास. तरंगतं ते अगदी थोडं नि पोयटा-चिकणमातीचे थर चांगले जाड असतील, तर पास. दोन दिवसांनी झाकण उघडून वासही घ्या. पावसानंतरच्या मातीचा वास आला तर उत्तम. नासक्या अंड्यासारखा किंवा औषधाचा वास आला, तर ती माती टाकीच्या कामाची नाही. वहिनींच्या त्या विकतच्या मिश्रणाची परीक्षा मुलांनी घेतली, तेव्हा निम्मी बरणी वर तरंगत होती. मुलं इतकी हसली!

कुंडी भरण्याची रीत

लिलीसाठी दहा-बारा इंच रुंदीचं, पसरट भांडं घ्यावं. कमळाला त्याहून मोठं, दीड फुटाचं, गोल आणि तळाला भोक नसलेलं घमेलं किंवा टब बरा. चार भाग चाळलेली माती आणि एक भाग धुतलेली जाड नदीची वाळू असं मिश्रण पाण्यानं कणकेसारखं मळून घ्या.

तुम्ही म्हणाल, कासची कुमुदिनी खतावाचून फुलते, मग सगळ्यांनाच खत नको का? तसं नाही. कुमुदिनीला नुसती माती पुरते. पण कमळ नि मोठी लिली ही खादाड बाळं आहेत. गावातळ्यांच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो, त्यावर ती पोसतात. त्यांना खत द्यायचं ते वर्षभर जुनं, पूर्ण कुजलेलं, वास न येणारं शेणखत, एकच मूठ, आणि तेही कुंडीच्या अगदी तळाशी. त्यावर निदान चार बोटं माती चापून बसवावी. चिकणमाती खत धरून ठेवते, पाण्यात जाऊ देत नाही. ताजं शेण आणि युरिया मासे असलेल्या पाण्यात कधीही घालू नका.

कंद आडवा, जरा तिरपा ठेवून कोंब मातीच्या वर मोकळा राहू द्या. वर बोटभर धुतलेली वाळू नि गोटे पसरा, म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. मग कुंडी लगेच टाकीत न सोडता आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत पाण्याखाली ठेवा. पाणी निवळलं, वास नाही, फेस नाही, असं दिसलं की तिरपी धरून हळूच टाकीत उतरवा. सुरुवातीला कोंबावर चार-पाच बोटंच पाणी असावं. पानं वाढतील तसं वाढवत न्यावं. आणि दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवंच, त्याशिवाय फूल नाही.

टाकी नवीन सिमेंटची असेल, तर तिचा चुना पाण्यात उतरतो. आठ-आठ दिवस पाणी भरून ठेवून ओतून द्यावं, असं निदान तीनदा करावं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते एक दिवस उघडं ठेवूनच माशांना द्यावं. आणि लहान मूल घरात असेल, तर टाकीवर घट्ट जाळी बसवलीच पाहिजे. फूटभर पाणीसुद्धा लहान मुलाला घातक ठरतं.

वहिनींनी हे सगळं केलं. टाकी पूर्ण उपसली, घासून धुतली, मळीची माती आणली, सासूबाईंना पंधरा दिवसांची मुदत मागितली. पाणी निवळल्यावर आधी दोनच गप्पी सोडले. ते तरले, मग आणखी आणले. अळ्या दिसेनाशा झाल्या, आणि मुरमाची गाडी परत गेली. पुढच्या एप्रिलमध्ये पहिली लिली उमलली तेव्हा त्याच सासूबाईंनी ती देवघरात नेण्यासाठी मागितली. वहिनींनी ती पाण्यातच राहू दिली, एवढंच सांगते!

आता कासला जाणार असाल तर दोन गोष्टी पाळा. शनिवार-रविवार टाळून, सकाळी लवकर जा. स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. सातारा बसस्थानकातून बामणोलीकडे जाणारी एसटी कासवरूनच जाते. छत्री, पाण्याची बाटली नि घट्ट बसणाऱ्या चपला बरोबर असू द्या, खडक निसरडा असतो. आणि तळ्याकाठी मोह झाला, तरी कुमुदिनीचं रोप, वायतुऱ्याचा कंद किंवा ओंजळभर मातीही आणू नका. त्या वीतभर मातीला तयार व्हायला किती पावसाळे लागले असतील! कुमुदिनी रोपवाटिकेतही मिळते. तसंच आपल्या टाकीतले जास्तीचे गप्पी किंवा जलपर्णी नदीत, तळ्यात सोडू नका. एकदा पसरली की ती आवरत नाहीत, आणि कासच्या तलावाचं पाणी सातारकर पितात हे विसरू नका.

तिथून आणायचं ते एवढंच, की पाण्यातल्या रोपाला जड, साधी, स्वच्छ माती पुरते. ह्या रविवारी लोणच्याची एक बरणी रिकामी करा, आणि तुमच्या अंगणातली माती पास होते का ते बघा.